सात संधी दिल्या आणि आंबापोळी संपली



मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दुकानातून दोन दिवसांत आंबापोळीची २६ पाकिटं फुकट गेली. चोरी नाही, उधारी नाही. मीच माझ्या हाताने वाटली. आणि ती का वाटावी लागली, हे मला सांगितलं आठवीतल्या एका मुलाने.

झालं असं. दिवाळीनंतर रत्नागिरीत पर्यटकांची गर्दी असते. गणपतीपुळ्याहून येणारी मंडळी संध्याकाळी बाजारात फिरतात, कोकम, काजू, फणसपोळी बघतात, भाव विचारतात आणि पुढच्या दुकानात जातात. त्यांना पाच मिनिटं थांबवायचं कसं, हा माझा प्रश्न होता. म्हणून काउंटरवर लॅपटॉप ठेवला आणि वर पुठ्ठा लावला: ‘आकडा ओळखा, आंबापोळी न्या.’ लॅपटॉप मनात १ ते १०० मधला एक आकडा धरणार. तुम्ही अंदाज टाइप करायचा. चुकलात तर लॅपटॉप एवढंच सांगणार, ‘कमी आहे’ किंवा ‘जास्त आहे’. संधी सात.

माझा हिशोब असा होता: शंभर आकडे, सात संधी, म्हणजे शंभरातले सात जण जिंकतील. बीबीए झालेल्या माणसाचा हिशोब बरं का हा!

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळं छान चाललं. लोक स्वतःची जन्मतारीख टाकायचे, गाडीचा नंबर टाकायचे, हरायचे, हसायचे आणि जाताना अर्धा किलो काजूगर घेऊन जायचे. संध्याकाळी एक मुलगा आईबरोबर आला. त्याने आधी एकच विचारलं, “काका, दर वेळी आकडा बदलतो ना?” मी हो म्हटलं. त्याने ५० टाकले. मग ७५. मग मधला कुठलातरी. सहाव्या अंदाजाला जिंकला. दुसऱ्या दिवशी त्याचे मित्र आले आणि त्या मित्रांचे मित्र आले. सगळेच जिंकत होते. शेवटी मी एकाला बाजूला घेऊन विचारलं, “अरे, तुम्हाला आकडा सांगतं कोण?”

“तुमचा लॅपटॉपच सांगतो की काका.”

खरंच आहे. ‘कमी’ आणि ‘जास्त’ हे दोन शब्द मला फुकटचे वाटत होते. पण प्रत्येक शब्दासरशी अर्धे आकडे बाद होतात. लॅपटॉपने ७४ धरलाय असं समजा. तुम्ही ५० म्हणता, तो म्हणतो ‘कमी’. झालं, १ ते ५० गेले. आता ५१ ते १०० मधला मधोमधचा ७५ टाका. ‘जास्त’. राहिले ५१ ते ७४. मग ६२, ‘कमी’. ६८, ‘कमी’. ७१, ‘कमी’. राहिले फक्त तीन: ७२, ७३, ७४. मधला ७३ टाकला, ‘कमी’. आता ७४ शिवाय दुसरं काही उरतच नाही. बरोबर सात अंदाज. आणि हा वाईटात वाईट आकडा होता, बाकीचे बरेचसे याच्या आधीच सापडतात.

याचा नियम सोपा आहे. एका संधीत १ आकडा पक्का सापडतो, दोन संधींत ३, तीन संधींत ७. दर वेळी दुप्पट करून एक मिळवायचा. पाच संधींत ३१, सहा संधींत ६३, सात संधींत १२७. माझ्याकडे आकडे होते १०० आणि संधी दिल्या होत्या सात! म्हणजे नीट खेळणारा माणूस हरूच शकत नव्हता. एक संधी कमी केली असती तर तोच माणूस शंभरात ६३ वेळा जिंकला असता, पाच ठेवल्या असत्या तर ३१ वेळा. बक्षिसाची योजना आखताना हा आकडा आधी काढायचा असतो. मी तो २६ पाकिटं गेल्यावर काढला. ऐंशी रुपये पाकीट धरा, म्हणजे २०८० रुपये फी भरून शिकलो.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही दुकानदार, आम्हाला प्रोग्रॅमिंग कशाला? थांबा. हा खेळ आपण सगळे लहानपणी खेळलोय, फक्त लॅपटॉप नव्हता. मे महिन्यात काजूच्या बिया मुठीत धरून ‘एकी का बेकी’ विचारायचो, आठवतं? बिया विषम असतील तर एकी, सम असतील तर बेकी. ओळखलं तर बिया त्याच्या, चुकलं तर तेवढ्या त्याने द्यायच्या. प्रोग्रॅमच्या भाषेत हीच ती अट: दोनाने भागून बाकी शून्य उरली तर बेकी, नाहीतर एकी. पायथनमध्ये बाकी काढायला टक्क्याचं चिन्ह वापरतात, एवढंच नवीन.

माझा एक मामेभाऊ रिकामी मूठ पुढे करायचा. आम्ही ‘एकी’ म्हटलं की तो म्हणायचा बेकी, आणि ‘बेकी’ म्हटलं की म्हणायचा, “बियाच नाहीत, तर बेकी कसली?” दर सुट्टीत यावरून मारामारी. कॉम्प्युटर या वादात पडत नाही. शून्याला दोनाने भागा, बाकी शून्य, म्हणजे बेकी. पण तो वाद आमच्यात का व्हायचा? कारण रिकाम्या मुठीचं काय करायचं हे खेळ सुरू होण्याआधी कुणी ठरवलेलंच नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आता आकडा ओळखायचा प्रोग्रॅम. मी तो पायथनमध्ये लिहिला. ही भाषा गिडो व्हॅन रोसम या डच माणसाने तयार केली, १९९१ मध्ये ती पहिल्यांदा सगळ्यांसाठी खुली झाली, आणि ती फुकट आहे. काही इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा, तिथे चालते. मुख्य शब्द इंग्रजीत टाइप करावे लागतात, त्यांचं स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय. इथे मी सांगाडा मराठीत देतोय, कारण आधी तो डोक्यात बसला पाहिजे:

गुप्त = १ ते १०० मधला कुठलाही आकडा
संधी = ५
जोपर्यंत संधी > ० :
    अंदाज = गिऱ्हाइकाने टाइप केलेला आकडा
    जर अंदाज == गुप्त :
        ‘बरोबर!’ दाखव आणि थांब
    नाहीतर जर अंदाज < गुप्त :
        ‘कमी आहे’ दाखव
    नाहीतर :
        ‘जास्त आहे’ दाखव
    संधी = संधी - १

‘जर’ म्हणजे इफ, ‘नाहीतर जर’ म्हणजे एलिफ, ‘नाहीतर’ म्हणजे एल्स, आणि ‘जोपर्यंत’ म्हणजे व्हाइल. बस, एवढेच. अटीच्या ओळीनंतर दोन टिंबं म्हणजे कोलन, आणि त्याखालची ओळ चार स्पेस आत. ती आत सरकवलेली ओळ म्हणजे नुसती शोभा नाही. कुठली ओळ कुठल्या अटीच्या पोटात आहे, हे पायथनला त्यावरूनच कळतं. शेवटची ‘संधी = संधी - १’ ही ओळ चुकून आणखी चार स्पेस आत गेली, तर ती ‘जास्त आहे’च्या पोटात जाते. मग ‘कमी’ आलं तर संधी कापलीच जात नाही! माझं एकदा असं झालंय.

एक बरोबर आणि दोन बरोबर यांतही फरक आहे. एक बरोबर म्हणजे ‘या नावात हे ठेव’. दोन बरोबर म्हणजे ‘हे दोन्ही सारखे आहेत का, बघ’. पहिला हुकूम, दुसरा प्रश्न.

आणि गंमत म्हणजे गुप्त, अंदाज, संधी ही नावं पायथन ३ मध्ये खरोखर देवनागरीत लिहिली तरी चालतात.

आता माझा पहिला प्रयत्न सांगतो, जो मी कुणाला दाखवला नव्हता. त्यात दोनच फाटे होते: अंदाज गुप्त आकड्यापेक्षा लहान असेल तर ‘कमी’, नाहीतर ‘जास्त’. रात्री जेवणं झाल्यावर आईला खेळायला बसवलं. ती खेळली, खेळली आणि म्हणाली, “अरे, तुझा लॅपटॉप खोटं बोलतोय. त्रेपन्नला कमी म्हणतो, चोपन्नला जास्त म्हणतो. मधे कुठला आकडा असतो?” नसतोच! उत्तर ५४ च होतं. ५४ हा ५४ पेक्षा लहान नाही, म्हणून बिचारा ‘नाहीतर’मध्ये गेला आणि ‘जास्त’ म्हणाला. आपल्या डोक्यात दोन शक्यता असतात, लहान आणि मोठा. तिसरी, ‘तेवढाच’, आपण गृहीत धरतो. कॉम्प्युटर काहीही गृहीत धरत नाही.

दुसरी अडचण टाइप करण्याची. कीबोर्डवरून आलेली प्रत्येक गोष्ट पायथन अक्षरं म्हणून घेतो, आकडा म्हणून नाही. ५० टाइप केले तरी त्याच्या दृष्टीने ती पाच आणि शून्य ही दोन अक्षरं. एक्सेलमध्ये बिल नंबर लावताना १, १०, १००, २ असा क्रम आलेला पाहिलाय ना? तोच रोग. म्हणून ते आधी इंट या फंक्शनमधून काढून आकडा करून घ्यायचं. नाही केलं तर पहिली ‘सारखे आहेत का’ची अट गुपचूप ‘नाही’ म्हणते, आणि पुढची ‘लहान आहे का’ची अट लाल अक्षरांत एरर देऊन बंद पडते. मला एक गोष्ट फार आवडली: मराठी कीबोर्डवरून मराठी अंक टाइप केले तरी इंट ते बरोबर ओळखतो. पण कुणी अक्षरात ‘पन्नास’ लिहिलं तर नाही ओळखत, तिथे प्रोग्रॅम पडतो.

मग कुणी ५०० टाकले तर? खेळ तर शंभरपर्यंतचा. संधी कापायची, की ‘१ ते १०० मधला टाका’ असं सांगून परत विचारायचं? हा प्रोग्रॅमचा प्रश्नच नाही. हा दुकानाचा नियम आहे, आणि तो मालकाने ठरवायचा. मी ठरवलं की संधी कापायची नाही, कारण पाचशे टाकणारा बहुतेक वेळा चष्मा विसरलेला आजोबा असतो.

इथवर खेळ झाला. आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. हे मी व्हिडिओत बोललो नाही, जरा जड जात होतं.

आमच्याकडे कोकम सिरपच्या बाटल्यांवर सूट असते. ६ बाटल्यांपासून ५ टक्के, १२ पासून १० टक्के, २४ पासून १५ टक्के. ही सूट काढायला मी तीन वर्षांपूर्वी एक्सेलमध्ये इफचा फॉर्म्युला लिहिला होता. इफच्या कंसात तीनच गोष्टी येतात: अट, ती खरी असेल तर काय, खोटी असेल तर काय. खोटी असेल त्या जागी पुढचा इफ बसवायचा. एक्सेल असे एकात एक ६४ इफ घालू देतो, पण घालता येतात म्हणून घालू नका!

मी तीनच घातले होते. पहिला प्रश्न: ६ किंवा जास्त आहेत का? असतील तर ५ टक्के. नसतील तर, १२ किंवा जास्त आहेत का? नसतील तर, २४ किंवा जास्त?

बघा सापडतंय का.

२४ बाटल्या घेणाऱ्याचं बिल पहिल्याच दारात अडतं. २४ हे ६ पेक्षा जास्त आहेतच, म्हणून ५ टक्के, संपलं. पुढचे दोन प्रश्न विचारलेच जात नाहीत. कारण इफ आणि एलिफच्या साखळीत पहिली अट खरी निघाली की बाकीच्यांकडे कुणी बघत नाही. फॉर्म्युला चुकीचा आहे असं एक्सेल सांगत नाही, कारण त्याच्या लेखी तो बरोबरच आहे. लाल एरर येत नाही. बिल छान छापून येतं.

खेळाचा प्रोग्रॅम लिहिताना अटींच्या क्रमाबद्दल वाचलं आणि रात्री अकरा वाजता पोटात गोळा आला. ती एक्सेल शीट उघडली. ६ ते ११ बाटल्या घेणाऱ्यांचं सगळं बरोबर होतं, आणि बहुतेक गिऱ्हाइकं तेवढीच घेतात, म्हणून कधी कुणी बोललं नाही. १२ च्या वरची बिलं थोडीच होती, ती एकेक काढली. त्यात पुण्याचे एक काका होते. वडिलांच्या वेळेपासून यायचे. दर मे महिन्यात सोसायटीतल्या लोकांसाठी २४ बाटल्या न्यायचे. दोन वर्षं बाटली १६० रुपयांची होती, म्हणजे माल ३८४० चा. सूट हवी होती ५७६ रुपये, लागली होती १९२. दर वर्षी ३८४ रुपये जास्त घेतले मी त्यांच्याकडून. दोन वर्षांचे ७६८.

आणि तिसऱ्या वर्षी ते आलेच नव्हते. मला वाटलं होतं, वय झालं, प्रवास होत नसेल.

दुसऱ्या दिवशी फोन लावला. सगळं सांगितलं, माफी मागितली. काका म्हणाले, “अरे, कळलं होतं मला. पाटीवर पंधरा लिहिलंय आणि बिलात पाच. पहिल्या वर्षी वाटलं, विसरला असशील. दुसऱ्या वर्षीही तेच. आता तीनशे-चारशे रुपयांवरून तुझ्याशी वाद कुठे घालू? दुसरीकडून घेतलं.”

मला वाद घातलेला चालला असता हो. नाराज गिऱ्हाईक समोर उभं राहून बोललं तर ते आपलं राहतं. हे असं न बोलता गेलेलं गिऱ्हाईक कुठल्या रिपोर्टमध्ये दिसतच नाही.

पैसे त्याच दिवशी परत पाठवले. मग शीट दुरुस्त केली. दुरुस्ती म्हणजे काय, फक्त क्रम उलटा केला: आधी २४, मग १२, मग ६. मोठी अट आधी विचारायची. एका मिनिटाचं काम.

पण आता मी फॉर्म्युला लिहिला की एक काम न चुकता करतो. प्रत्येक सीमेवरचे तीन आकडे टाकून बघतो: एक खालचा, नेमका तो, आणि एक वरचा. ५, ६, ७. मग ११, १२, १३. मग २३, २४, २५. आणि शून्य. रिकामी मूठ विसरायची नाही!

हा सीमेवरचा खेळ दुसऱ्या एका ठिकाणी कामी आला. राम आळीत माझ्या मित्राचं तयार कपड्यांचं दुकान आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. आधी कपड्यांवर नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होता. आता २५०० पर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८. मित्राने शीटमध्ये लिहिलं, किंमत २५०० पेक्षा लहान असेल तर ५, नाहीतर १८. मी त्याला म्हटलं, नेमके २५०० टाकून बघ. करापूर्वी २५०० किंमत असलेल्या एका ड्रेसवर शीटने ४५० रुपये कर लावला. हवा होता १२५. कायद्यातला शब्द ‘पर्यंत’ आहे, म्हणजे २५०० स्वतः आत येतो. ‘लहान’ आणि ‘लहान किंवा तेवढाच’ यांत चिन्हाचा फरक एका बरोबरचा, बिलाचा फरक ३२५ रुपयांचा.

मराठीत आपण हे शब्द फार सैल वापरतो. ‘पाचच्या वर घेतल्यास सूट’ अशी पाटी तुमच्याही दुकानात असेल. पाचच्या वर म्हणजे पाच धरून की सहापासून? गिऱ्हाईक त्याच्या सोयीने वाचतं, काउंटरवरचा पोऱ्या त्याच्या सोयीने, आणि एक्सेलला सोय नसते. आज दुकानात गेलात की आधी ती पाटी बघा. मी आमची बदलली. आता लिहिलंय, ‘६ किंवा जास्त’.

खेळ अजून काउंटरवर आहे. संधी पाच केल्यात. आठवीतला तो मुलगा परत आला होता, पुठ्ठ्यावरचा पाचचा आकडा बघून हसला आणि न खेळताच गेला. आईबरोबर कोकमं घ्यायला आला होता, घेऊन गेला.

आणि या मे महिन्यात पुण्याच्या काकांचा मेसेज आला. २३ बाटल्या पाठव. भाव अजून १६० च आहे. मी शीटमध्ये २३ टाकले, १० टक्के सूट, ३३१२ रुपये. सवयीने २४ टाकून बघितले: १५ टक्के, ३२६४ रुपये. म्हणजे एक बाटली जास्त घेतली तर बिल ४८ रुपयांनी कमी! सूट अशी पायरीने दिली की हे होतं, ते कसं टाळायचं यावर वेगळा व्हिडिओ करायचाय. पण तेव्हा मी लगेच फोन लावला. म्हटलं, “काका, अजून एक घ्या, स्वस्त पडेल.”

काका हसले. म्हणाले, “ठाऊक आहे मला. बघत होतो, तू सांगतोस का ते.”